विंगेतली कुजबुज

आत्याचा आवाज कसा होता हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या आवाजापायीच घडलं. घोगरा म्हणावा तर घोगरा नाही, बसका म्हणावा तर बसकाही नाही. सर्दी उतरत आली की आपला आवाज जसा होतो ना, तसा तिचा बारा महिने असायचा. वर तो मोठा म्हणून होत नसे. कितीही जोर लावा, शेजारच्या खोलीत पोचायची मारामार. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला थांबवायचं तर आत्या खिडकीच्या गजावर चमचा वाजवायची.

आणि अशा या बाईला तरुणपणी कशाचं वेड असावं, तर नाटकाचं. तेही लांबून बघण्याचं नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभं राहायचं, समोर भरलेलं थिएटर, आणि आपण बोलायचं, हे तिला हवं होतं. एकदाच का होईना, पण हवं होतं. गावातल्या मोठ्या थिएटरात नवीन नाटकासाठी नटांची निवड चालली होती तिथे ती गेली. दिग्दर्शकानं तिला मधोमध उभं केलं, आपण शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि संवाद म्हणायला लावला. तिचा अर्धा झाला असेल नसेल, तोवर त्यानं तिथूनच सांगितलं, "बाई, तुझं ऐकायचं तर लोकांना पुढे वाकून बसावं लागेल. आणि तिकीट काढून आलेले लोक वाकत नसतात."

हे वाक्य आत्याच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. त्या दिग्दर्शकाला मात्र तिच्या आवाजाचा एक उपयोग दिसला. त्यानं तिला प्रॉम्प्टर केलं. म्हणजे विंगेत पडद्याच्या आडोशाला स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडला की पुढचे शब्द अलगद त्याच्या कानात सोडायचे. नटापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही, असा आवाज दुसऱ्या कुणाचा होता? उमेदीची सगळी वर्षं आत्यानं त्या स्टुलावर काढली. मोठमोठे गवई नट तिच्याकडे एक डोळा ठेवून गायचे. टाळ्या त्यांना. तिला टाळ्या नकोतच, असं ती म्हणायची. ते खोटं होतं, पण म्हणायची.

तिचे दोन नियम होते आणि ते ती कुणालाही, विचारलेलं नसताना, सांगायची. पहिला, प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकात गेला तर ती बेअब्रू. दुसरा, पॉजमध्ये प्रॉम्प्ट करायचं नाही. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे ओळखता आलं नाही, तर विंगेत बसू नये, घरी बसून वाटाणे सोलावेत. आता हे ओळखायचं कसं? तर विसरलेला नट श्वास धरून ठेवतो आणि थांबलेला नट श्वास घेत असतो. त्याच्या खांद्यांकडे बघायचं, तोंडाकडे नाही.

पुढे नट पाठ करून यायला लागले, काहींच्या कानात यंत्रं आली, आणि प्रॉम्प्टरचं स्टूल एक दिवस रंगकामवाल्यांनी डबे ठेवायला नेलं. आत्या भावाच्या घरी राहायला आली. घरात भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. मुलगी एका जागी बसायची नाही म्हणून तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत. मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तरी नाव तेच राहिलं.

या भिंगरीनं एक पॉडकास्ट काढला. नाव ठेवलं 'कानाला तिकीट'. नाटकाच्या आणि संगीत नाटकाच्या वेड्यांनी कुठले कुठले पॉडकास्ट ऐकावेत, ते सांगायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी कपड्यांच्या मोठ्या कपाटात शिरायचं, दार ओढून घ्यायचं, कारण कोट आणि गोधड्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही, आणि बोलायचं. आत्यालाही ती सोबतीला आत बसवायची. आत्या पण अशी की नको नको म्हणत सगळ्यात आधी आत जाऊन बसायची. दोघींनी आठवडाभर ढीगभर पॉडकास्ट ऐकलेले असत. भिंगरी त्यांची माहिती बाडभर लिहून आणायची आणि वाचायची. वाचायची म्हणजे अगदी परिपत्रक. ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातली दोन बोटं घरातलीच.

एका दुपारी ती 'दिवा जरा डावीकडे' नावाच्या पॉडकास्टबद्दल सांगत होती. रंगमंचावरचे दिवे, सरकते पडदे, नेपथ्याची चाकं, असल्या गोष्टी त्यात असतात. हा कुणासाठी चांगला, इथे येऊन ती अडकली. खांदे वर, श्वास बंद. आत्यानं मांडीवरचा कोट नुसता बाजूला केला आणि जन्माच्या सवयीनं शब्द सोडले, "सांग, बायकोनं ओढून आणलेल्या नवऱ्यांसाठी आहे. गाणं सुरू झालं की घोरतात, पण दिवा बदलला की जागे होतात." भिंगरी लगेच मार्गी लागली. "ज्यांना संगीतात तितकीशी रुची नाही, अशा श्रोत्यांसाठीही हा उपयुक्त आहे," असं तिनं छान वळण देऊन म्हटलं. पुढे गाणं सुरू व्हायच्या आधीच गुणगुणून शेजाऱ्याचं डोकं उठवणाऱ्यांची गोष्ट आली, तिथेही आत्यानं शब्द दिले, तिथेही भिंगरीनं त्यांना इस्त्री केली.

आता गंमत अशी की नटाला प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येतच नाही. त्याला वाटतं आपल्यालाच आठवलं. भिंगरीनं ते ध्वनिमुद्रण कापलं, जोडलं, चार वेळा ऐकलं, पण आत्याची कुजबुज तिच्या कानाला लागलीच नाही. ती तिच्या डोक्यातलाच आवाज झाली होती. आणि मायक्रोफोनला कुठे कळतंय कोण प्रॉम्प्टर आणि कोण नट? त्यानं सगळं उचललं. भाग जगभर गेला. आधी आत्याचं वाक्य, मग भिंगरीची इस्त्री, पुन्हा आत्याचं, पुन्हा इस्त्री.

ऐकणाऱ्यांनी तो एकमेकांना पाठवला, आणि चार दिवसांत मेसेजचा पाऊस. एकानं लिहिलं, हसून हसून बस चुकली. एकीनं लिहिलं, माझा नवरा तुम्हाला कसा माहीत. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की ताई, तुम्ही जरा गप्प बसा आणि त्या मागच्या बाईंना बोलू द्या.

भिंगरी नाचतच आत्याकडे आली. आत्यानं तो भाग ऐकला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. उभ्या आयुष्यात पहिल्या रांगेला जिचा श्वास ऐकू गेला नाही, तिची कुजबुज आता कुणीही, भांडी घासता घासता, ऐकत होतं. अब्रूच गेली म्हणाली. भिंगरीशी बोलणं बंद, कपाटात जाणं बंद. पोरीनं पुढचा भाग एकटीनं केला. तो कुणी शेवटपर्यंत ऐकला नाही. खरं सांगायचं तर तिनं स्वतःही ऐकला नाही.

हा तिढा सोडवला वहिनीनं. वहिनी कमी बोलणारी बाई. कानात ते इअरफोन घालून पोळ्या लाटायची, घरात सगळ्यांना वाटायचं बातम्या ऐकतेय. एका सकाळी तिनं ते इअरफोन काढून आत्यासमोर ओट्यावर ठेवले.

"वन्सं, तुम्ही या घरात आल्यापासून माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलला नाहीत," वहिनी म्हणाली. "मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही. आता कळलं, तुम्हाला वाटत असतं आपलं कुणाला ऐकूच जात नाही. मला जातं. तो भाग मी सात-आठ वेळा ऐकलाय."

आत्यानं वहिनीच्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. दुपारी ती कपाटात जाऊन बसली. एक अट मात्र घातली, की आपण टांगलेल्या कोटांच्या मागे बसणार. ती विंग. विंगेतून जे बोलेन ते बोलेन, पण पुढे येणार नाही.

मग काय विचारता. भिंगरीनं बाड फेकून दिलं. आता ऐकणारे आपलं दुखणं लिहून पाठवायचे आणि आत्या कोटांमागून औषध सांगायची. मी नाटकाचा शेवट आधीच वाचून जातो, असं एकानं कळवलं. त्याला तिनं 'तालमीतच बंद' ऐकायला लावला, ज्यात कधीच रंगमंचावर न आलेल्या नाटकांच्या कहाण्या आहेत. वाच म्हणावं आता कशाचा शेवट वाचतोस. संगीत नाटक आवडतं पण गाण्यातलं काही कळत नाही, हे कुणालातरी सांगायची लाज वाटते, असं एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. त्यांना तिनं एका बाजाच्या पेटीवाल्याचा पॉडकास्ट सुचवला, जो एकेक गाणं उसवून पुन्हा शिवून दाखवतो. आणि वर सांगितलं की कळत नाही म्हणायची लाज त्या थिएटरात निम्म्या लोकांना असते, म्हणून तर ते सगळे माना डोलावतात. लोक वाट बघायला लागले. मागची बाई काय म्हणाली, हे चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकं भिंगरीलाच सांगायला लागली.

आणि एक दिवस त्याच मोठ्या थिएटरच्या व्यवस्थापकांचा फोन आला. रविवारी सकाळी थिएटर रिकामं असतं. 'कानाला तिकीट'चा एक प्रयोग लोकांसमोर करा, जमला तर दर रविवार तुमचा. फक्त एक, त्यांनी आवाज खाली आणून भिंगरीला सांगितलं, त्या बाईंना विंगेतच ठेवा. लोकांच्या मनात त्यांचं काहीतरी चित्र आहे, ते कशाला मोडता? शिवाय तो आवाज म्हणजे माईकचा आवाज. मोकळ्या रंगमंचावर त्याचं काय होणार?

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र ते ऐकून म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. इतक्या सहज म्हणाली की भिंगरीला रडू यायचं बाकी राहिलं. आयुष्यभर जिथे बोलायची आस धरली ती जागा दहा पावलांवर येऊन ठेपली होती, आणि बाई म्हणते मी आपली आडोशाला बरी. कशानं? तर त्या एका वाक्यानं. लोक वाकत नसतात.

रविवार उजाडला. थिएटर भरलं, वरचा सज्जासुद्धा. मधोमध एक खुर्ची, त्यात भिंगरी. डाव्या विंगेत एक खुर्ची, समोर माईक, तिथे आत्या, अंगावर ठेवणीतली साडी, जी कुणालाच दिसणार नव्हती. प्रेक्षकांतून एकेक जण उठे, आपलं दुखणं सांगे, आणि विंगेतून आत्याचं औषध भिंतीवरच्या भोंग्यांतून घरंगळत येई. हशा होत होता, टाळ्या पडत होत्या. व्यवस्थापक मागे उभे राहून मिशीत हसत होते.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक चष्मेवाला गृहस्थ उठला. आपल्याला काही विचारायचं नाही, सांगायचंय, असं म्हणाला. आपण या आवाजाचा बारकाईनं अभ्यास केलाय. असा आवाज माणसाचा असूच शकत नाही. हा कॉम्प्युटरनं तयार केलेला आहे, म्हणून तर बाई पुढे येत नाहीत. हल्ली सगळं मशीन बोलतं, आपण बघतोच. सभागृहात चुळबुळ झाली. काहींनी माना हलवल्या, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

मशीन. आत्यानं आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं. आवाज बसका आहे, लहान आहे, माईकचा आहे, सगळं. पण मशीन? रात्र रात्र जागून जिनं बाकीच्यांच्या तोंडी शब्द घातले, त्या बाईला मशीन? तिला मिरच्या झोंबल्या. ती उठली. माईक तिथेच राहिला. विंगेपासून रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंतची जी वाट तिनं इतरांना हजारदा चालताना बघितली होती, ती वाट ती तरातरा चालून गेली आणि थेट कडेला उभी राहिली.

ती बोलली. कुणाला काही ऐकू आलं नाही.

भिंगरी आपला माईक घेऊन धावली. आत्यानं हातानंच तिला थांबवलं. पुन्हा बोलली. आणि मग एक गोष्ट झाली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ऐकायला मान पुढे काढली. त्याच्या शेजारणीनं काढली. मागच्या रांगेनं त्यांना बघून गुडघ्यांवर कोपरं टेकली. खोकणारे थांबले, पिशव्यांची सळसळ थांबली, सज्जातले लोक कठड्यावर रेलले. रांगेमागून रांग पुढे झुकत गेली, पार शेवटपर्यंत, आणि त्या शेवटच्या रांगेत तो चष्मेवालाही झुकला. आत्या बघत होती. सगळं थिएटर तिच्यासाठी वाकलं होतं.

"मी मशीन नाही," ती म्हणाली, आणि या वेळी ते दारापर्यंत गेलं. "मशीन विसरत नाही. मी ज्यांना शब्द दिले ती सगळी विसरणारी माणसं होती. त्यांच्याकडे बघून बघून माझा आवाज असा झालाय. आता बसा, आणि पुढचं कोण, ते उठा."

चष्मेवाला बसला. टाळ्या सुरू होणार, इतक्यात दाराजवळच्या खुर्चीतून एक बाई उठली. ती म्हणाली, मी आणि माझी बहीण दर नाटक बरोबर बघायचो. बहीण गेली. तेव्हापासून मी थिएटरात आले की दाराजवळ बसते आणि पडदा वर जायच्या आत निघून जाते. आजच एवढा वेळ बसलेय. मला परत नाटक बघता यावं म्हणून मी काय ऐकू?

आत्या गप्प झाली. ती त्या बाईकडे बघत राहिली. एक क्षण गेला, दुसरा गेला. भिंगरीला वाटलं, आत्या अडली. इतकी वर्षं दुसऱ्यांना तारलं आणि आज आपणच ऐन वेळी विसरली. काही न सुचून भिंगरी दोन पावलं पुढे सरकली आणि तोंड फिरवून कुजबुजली, "आत्या, 'शेजारची खुर्ची'. तो पॉडकास्ट. 'शेजारची खुर्ची'."

आत्यानं मानही वळवली नाही. तिचे खांदे सावकाश वर गेले, सावकाश खाली आले.

"विसरले नाही गं," ती म्हणाली. "थांबलेय."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं ते. पण कुणी हसलं नाही, कारण आता सगळेच तिच्याबरोबर थांबले होते. आत्यानं हवा तेवढा वेळ घेतला. मग ती दाराजवळच्या बाईला म्हणाली, "ही सांगतेय तो 'शेजारची खुर्ची' नावाचा पॉडकास्ट चांगला आहे. नाटक एकट्यानं बघणाऱ्यांचा आहे. तो घरी गेल्यावर ऐका. आत्ता मात्र पुढे या. ही मधली खुर्ची पोरगी उठल्यापासून रिकामीच आहे. मी तिच्यावर बसणार नाही, मला उभं राहायची फार वर्षांची हौस आहे. तुम्ही बसा. आणि प्रयोग संपेपर्यंत उठायचं नाही."

ती बाई आली. सगळ्या थिएटरातून चालत आली, पायऱ्या चढली आणि त्या खुर्चीत बसली. आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या कुण्या गवई नटाला त्या थिएटरानं दिल्या नसतील. वहिनी पाचव्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि भाऊ डोळे पुसत होता. चष्मेवाला तर खुर्चीवर चढला होता. आत्या पुढच्या कडेला उभी होती, आणि या खेपेला टाळ्या नकोत असं काही ती म्हणाली नाही. एकेक टाळी तिनं मोजून घेतल्यासारखी घेतली.

प्रयोग संपल्यावर व्यवस्थापक हात जोडत विंगेत आले. दर रविवार तुमचा, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि पुढच्या वेळी मधोमध दोन खुर्च्या मांडतो, तुम्हाला चांगली गादीची, असंही म्हणाले. आत्या पाणी पीत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

"मला नको, मी उभीच बरी," ती म्हणाली. "आणि हिची खुर्ची उचलून इथे विंगेत ठेवा. पोरगी पॉजमध्ये प्रॉम्प्ट करते. तिला शिकवायला हवं."